नारळावरची कुस्ती

बाज्या, तुझ्या शोकसभेत जो तो तुला ‘कैलासवासी बाजीरावजी’ म्हणत होता आणि मला हसू आवरेना. तोंडावर टॉवेल धरून बसलो. लोकांना वाटलं, विलास मास्तर रडायला लागले. तसा रडतही होतो म्हणा. पण ज्याला मी जन्मभर ‘बाज्या’ म्हटलं आणि अख्ख्या मलकापुरानं ‘मेजर’, तो चार दिवसांत बाजीरावजी झाला हे काही माझ्या पचनी पडेना. आणि मेजर तरी कुठला रं? सुभेदार म्हणून रिटायर झालास तू. पण आपल्याकडं फौजेतनं घरी आलेला प्रत्येक गडी मेजरच असतो, त्यात सरकारचं काही चालत नाही.

एक पुढारी माईकवर म्हणाला, “मेजरसाहेबांनी आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही.” खोटं. साफ खोटं! माझं दुखावलंस, माझ्या पोरीचं दुखावलंस, आणि सांगलीत तर एका सकाळी आमच्या सबंध गावाचं दुखावलंस. आणि तरीही मी छाती काढून सांगतो की हा माणूस माझा दोस्त होता. मला त्या सभेत चारदा बोलायला बोलावलं. मी उठलो नाही. मला जे बोलायचं होतं त्याची जागा ती नव्हती. ती जागा कुठली, हे तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

आता लिहायला बसलोय. हायस्कुलात तीस वर्षं पोरांकडून कवायत करून घेतली, लिहिणं काही फारसं झालं नाही. चुकलं तर मनात दुरुस्त करून घे. आयुष्यभर तेच करत आलास.

आपलं भांडण एकच होतं. वजन. मी कुस्तीचा माणूस. आपल्या शिराळ्याकडच्या जत्रांत मी पंच म्हणून उभा राहत आलोय, आणि मैदानात जोड लावायची ती नजरेनं. दोन गडी शेजारी उभे करायचे, खांदा चाचपायचा, मांडी बघायची, दोघांची मनगटं धरून आखाड्यात एक फेरी मारायची आणि लोकांना विचारायचं, “जोड बरोबर हाय का?” लोक ‘व्हय’ म्हणून ओरडले की झाली सलामी. किलोबिलोचं नाव नाही. तू फौजेत बॉक्सिंग शिकून आलेला. तुझ्याकडं सगळा कारभार काट्यावर. गडी पाव किलो जास्त भरला तरी तू त्याला पुन्हा पळायला पाठवणार.

“इलास, तुझ्या डोळ्यात काय काटा बसवलाय का रं?” तू विचारायचास.

“बसवलाय! आमच्या नजरेला गडी कळतो. कसब असलं की दीडपट वजनाचा पैलवान आडवा व्हतो. म्या बघितलंय.”

“बघितलं असशील की. ती एक कुस्ती तू शंभरदा सांगतोस. बाकीच्या नव्याण्णव कुस्त्यांत बारका गडी खाली चेंगरला, त्या का सांगत न्हाईस?”

मग मी माझा हुकमी पत्ता काढायचो. “ते सगळं ऱ्हाऊ दे. तुला म्या आडवा केला व्हता का न्हाई?”

“केला व्हतास की,” असं म्हणून तू चहा ओतायचास. त्या चहाचा मला लय राग यायचा.

ती आपली नारळावरची कुस्ती. जत्रेत मोठ्या कुस्त्यांच्या आधी पोरासोरांच्या लावतात आणि जिंकेल त्याच्या हातात नारळ देतात, तसली. आपण सतरा वर्षांचे. मी ढाकेचा डाव लावला, तू पाठीवर गेलास आणि मी सगळाच्या सगळा तुझ्या अंगावर. तुझ्या खांद्यापाशी काहीतरी कट् असं वाजलं. हसळी मोडली, गळ्याजवळचं हाड. मी नारळ डोक्यावर धरून गावभर मिरवलो आणि तुला तुझ्या वडलांनी बैलगाडीतनं कऱ्हाडला नेलं. हाड सांधलं, पण तिथं सुपारीएवढी गाठ राहिली, ती जन्मभर. तू परत लंगोट बांधला नाहीस. दोन वर्षांनी फौजेत गेलास, तिथं कुणीतरी तुझ्या हातांना ग्लोव्हज बांधले आणि आमचा एक चांगला पैलवान बॉक्सिंगला गेला.

ही गोष्ट मी किती ठिकाणी सांगितली असेल, त्याला गणती नाही. लग्नात, बारशात, शाळेच्या स्नेहसंमेलनात. तू समोर बसलेला असलास तर जास्तच रंगवून. आणि तू हसायचास, एकदासुद्धा म्हणाला नाहीस की, बास कर आता.

मग तू मलकापुरात हायवेच्या कडेला कोंबड्यांचं जुनं शेड घेतलंस आणि त्यात रिंग उभारली. पहिले सहा महिने तिथं घामापेक्षा कोंबड्यांचाच वास जास्त. मी उद्घाटनाला आलो. चार पिशव्या टांगलेल्या, भिंतीला आरसा, आणि दारापाशी दोन काटे. एक बॅटरीवरचा चकचकीत. दुसरा जुना लोखंडी, गुळाच्या ढेपी जोखतात तो, फळीचा आणि वजनं टाकायचा.

“ह्यो कशाला? एक हाय की,” मी म्हणालो.

“बॅटरी उतरली की खोटं बोलती. लोखंड न्हाई बोलत.”

“आणला कुठनं?”

तू माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलंस. “आपल्या गावचं गुऱ्हाळ मोडलं न्हवं का, तवा भंगारात निघाला व्हता. म्हणलं, आपल्या वळखीचा हाय.”

मी लगेच पिशव्या कितीच्या पडल्या म्हणून विचारलं. विषय का बदलला, ते पुढं सांगतो. आज सगळं सांगणार आहे.

माझ्या शुभीला मी पैलवान करणार होतो. ती पंधरा वर्षांची असताना तोंड वर करून म्हणाली, “आप्पा, मला मातीत लोळायचं न्हाई. मला मेजरकाकांसारखा ठोसा मारायचाय.” माझ्या घरात, माझ्याच पोरीनं! आठवडाभर मी तुझ्याशी बोललो नाही. पण तू तिला घडवलंस रं. कोयनानगरच्या घाटात तिला पळवत न्यायचास, मागनं स्कूटरवर तू आणि तुझं ते फौजी हिंदी: “चल बेटा, धरती हिली तो भी रुकना नहीं!” कोयनेला धरती हलायला काय, मनात आलं की हलतेच. ती पळत राहायची. चोविसाव्या वर्षी ती प्रोफेशनल झाली, सत्तावन्न किलोच्या गटात. पहिल्या तिन्ही लढती जिंकली. पोस्टरवर तिचा फोटो लागला तेव्हा मी एसटी स्टँडवर उगाचच दोनदा चहा प्यायला गेलो, कारण पोस्टर टपरीच्या समोर होतं.

प्रोफेशनल बॉक्सिंगमधली मेख मला तूच समजावलीस, तुझ्या हॉलच्या पायरीवर बसून.

“काटा असतो आदल्या दिवशी. लढत दुसऱ्या दिवशी. मग गडी काय करतो? आठवडाभर पाणी तोडतो, घाम काढतो, उसाच्या चिपाडागत वाळतो आन काट्यावर उभा ऱ्हातो. सत्तावन्न म्हंजे सत्तावन्न. खाली उतरला की खाणं-पिणं चालू. दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये येतो तवा पाच-सहा किलोनं जड. समोरचा बिचारा खरोखरचा सत्तावन्नचा असला, तर मेला की.”

“पण नियमात बसतंय न्हवं?”

“बसतंय.”

“मग तुझ्या पोटात का दुखतंय?”

“इलास, कुस्तीत वजन अंगावर पडतं. बॉक्सिंगमध्ये ते डोक्यावर पडतं. आन ज्यानं अंग वाळवलंय त्याचं सोताचं डोकं बी कोरडं पडल्यालं असतं. म्हंजे मार कुणालाबी बसू दे, धोका दोघास्नी. माझी पोरं ज्या वजनानं रस्त्यानं चालत्यात, त्याच्या आसपासच्याच वजनानं खेळणार. दोन किलोच्या वर फरक मी चालवून घेणार न्हाई.”

मी मान डोलावली आणि घरी जाऊन नेमकं उलटं केलं.

सांगलीतली ती पहिली मोठी लढत. आठ राउंडांची. त्याच्या आधी तुझ्या छातीत कळ आली, डॉक्टरांनी नळी घातली आणि तुला महिनाभर घरी बसवलं. शुभीचा ताबा माझ्याकडं आला. आता मी पडलो पैलवान. पोरगी सत्तावन्न किलोची म्हणजे मला माझ्या स्वयंपाकघराचा अपमान वाटायचा. बदाम-खसखशीची थंडाई, दोन वेळेला तूप, रात्रीचं दूध, रविवारी पांढरा-तांबडा रस्सा. जो कुस्तीचा खुराक मला माझ्या वडलांनी घातला, तोच मी तिला घातला. पोरगी बासष्टच्या वर गेली. ठोसा असा बसायचा की पिशवीच्या साखळ्या कुरकुरायच्या. मी खूश!

मग शेवटच्या आठवड्यात तिला उसावर औषध मारायचा प्लॅस्टिकचा कोट घातला आणि भर दुपारी पाटाच्या कडेनं पळवली. पाणी घोटभर. मीठ बंद. “मेजरकाकाला सांगू नको, त्याला त्रास व्हईल,” असं मीच तिला बजावलं. माणूस आपल्या लबाडीला किती मायेचं नाव देतो बघ.

काट्याच्या दिवशी दुपारी ती बरोबर सत्तावन्न भरली. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले. तू अंथरुणातनं उठून आलेला, शर्ट अंगात झुलत होता. तिच्या ओठांकडं बघितलंस, मग माझ्याकडं बघितलंस. मी तिला घेऊन गेलो आणि सांजेपर्यंत मीठ-साखरेचं पाणी, भात, रस्सा असं भरतच राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तू मंगल कार्यालयाच्या मागच्या खोलीत आलास. लढत त्या कार्यालयातच होती, जिथं नवरा-नवरी बसतात त्या स्टेजपुढं रिंग बांधली होती. तुझ्या मागनं दोघे जण तो लोखंडी काटा उचलून आणत होते. टेम्पोत घालून मलकापुराहून सांगलीला आणला होतास!

“शुभे, उभी ऱ्हा.”

साडेबासष्ट.

तू वजनं काढून परत टाकलीस. साडेबासष्ट. मग समोरच्या खोलीत गेलास. तिथं पूनम नावाची हरयाणाची मुलगी आणि तिची कोच. दीड दिवस रेल्वेत बसून आलेल्या. तू हात जोडून तिला काट्यावर उभं राहायची विनंती केलीस. अठ्ठावन्नला काटा थांबला. तू त्यांना त्यांच्या तोंडावर सांगितलंस, माझ्या देखत: “हमारी लड़की आज साढ़े चार किलो भारी है. नियम में है, लेकिन बराबर नहीं है. आप सोच लो.”

मला वाटलं, जमीन फाटावी आणि तुला आत घ्यावं. अरे, स्वतःच्या गड्याचं उणं समोरच्याला कोण सांगतं?

त्या कोच बाईनं पूनमकडं बघितलं. मग म्हणाली, “इतनी दूर आए हैं, सर. लड़ेंगे.” पूनम नुसती मान डोलावत होती. तिला दुसरा रस्ताच कुठं होता? तू परत आलास आणि आमच्या खोलीत सांगितलंस, “त्या न्हाई म्हणू शकत न्हाईत, म्हणून मी म्हणतो. माझा कोपरा आज रिकामा ऱ्हाईल.”

कोपऱ्यात माणूस नसला तर लढत होत नाही. बाहेर चार जीपा भरून आमचं गाव आलेलं, हलगी वाजत होती, पोरांनी शुभीच्या फोटोचे टी-शर्ट घातलेले. मी म्हणालो, “गेला उडत! कोपऱ्यात मी उभा ऱ्हातो.”

शुभी खुर्चीवर बसली होती. हातांना पट्ट्या बांधून तयार. तिनं माझ्याकडं बघितलं, तुझ्याकडं बघितलं. आणि दातानं गाठ सोडून उजव्या हाताची पट्टी उलगडायला लागली. मांडीवर ती पांढरी पट्टी साठत गेली. मग डाव्या हाताची. आज त्या पट्टीची आठवण आली की माझी मान ताठ होते, पण त्या वेळी माझं डोकं फिरलं होतं.

लढत रद्द झाली म्हणून माईकवर सांगितलं तेव्हा लोकांनी काय काय म्हटलं, ते इथं लिहीत नाही. गाड्या लावतात त्या पटांगणात मी तुला गाठलं. सगळ्या गावासमोर. आणि बोललो. ते शब्द मी आजवर परत उच्चारले नाहीत, आज लिहितो.

“तू जन्माचा हारल्याला माणूस हायस, बाज्या. त्या दिवशी म्या तुला मातीत घातला, त्याचा राग तू माझ्या पोरीवर काढलास.”

तुझा हात नकळत खांद्यावर गेला, हसळीच्या गाठीपाशी. मला वाटलं, आता हा सांगणार. आता माझं संपलं. तू हात खाली घेतलास आणि म्हणालास, “पोरीला पाणी पाज, इलास. उनात उभी हाय ती.”

आणि टेम्पोत काट्याशेजारी बसून निघून गेलास.

तू काय सांगू शकला असतास, ते आता मी सांगतो. त्या जत्रेच्या दिवशी, सकाळी, आपण दोघं गुऱ्हाळावर रस प्यायला गेलो होतो. जोखणारा कुठंतरी गेलेला. आपण गंमत म्हणून त्या काट्यावर उभे राहिलो, आधी तू, मग मी. तू अठ्ठावन्न. मी सहासष्ट. आठ किलोंचा फरक! “गड्या, तू माणूस न्हाईस, ढेप हायस ढेप,” म्हणून तू हसला होतास. दुपारी मैदानात म्हाताऱ्या पंचांनी आपल्याला शेजारी उभं केलं. उंची सारखी. तुझं हाड रुंद, त्यामुळं दिसायला तू माझ्याएवढाच. त्यांनी खांदे चाचपले आणि मला विचारलं, “काय रं, जोड बरोबर हाय न्हवं?”

मी म्हणालो, “व्हय. बरोबर हाय.”

तू माझ्याकडं बघितलंस. तू ‘नाही’ म्हणाला असतास तर लोक तुला भ्याला म्हणाले असते. ‘नाही’ म्हणायचं काम माझं होतं, आणि मला नारळ पाहिजे होता.

चाळीस वर्षांहून जास्त काळ आपण वजनावर भांडलो. एका वाक्यात तू मला गप्प करू शकला असतास. तो काटाच दारात आणून ठेवला होतास. मी रोज त्याच्या शेजारनं आत जायचो आणि तुला म्हणायचो, वजनात काय असतं रं? आणि तू चहा ओतायचास! सांगलीच्या पटांगणात, गावासमोर, मी तुला इतकं टोचलं, तिथंही तू ते वाक्य वापरलं नाहीस. माझ्या वारापेक्षा जड वार तुझ्या हातात होता आणि तू तो मारला नाहीस. हे मला कळायला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी तुझ्या हॉलची पायरी चढलो नाही. शुभी मात्र दुसऱ्याच दिवशी चढली.

माझ्या थंडाईला तिनं पहिल्यांदा ‘नको’ म्हटलं. तू तिला हळूहळू अठ्ठावन्नवर आणलीस, आणि पूनमशी लढत परत ठरली. या वेळी दोन्ही बाजूंनी कागदावर सह्या केल्या, की लढतीच्या दिवशी सकाळीसुद्धा काटा होईल. आयोजक म्हणाले, असं कुणी करत नाही. तू म्हणालास, “मग आपण करू.” लढतीच्या सकाळी शुभी अठ्ठावन्न, पूनम पावणेअठ्ठावन्न. मी मागच्या रांगेत, खांबाच्या आडोशाला बसलो होतो. तुला वाटलं, मी आलोच नाही. वाटलं का? का तू बघितलं होतंस?

बाज्या, मी आयुष्यात हजारो कुस्त्या बघितल्या, पण असली लढत नाही बघितली. आठही राउंड. एक मारायची, दुसरी परत करायची. एक मागं सरायची तर दुसरीला दम घ्यायला लागायचा. कुणी कुणाला चेंगरत नव्हतं, कुणी कुणावर नुसतं लोंबकळत नव्हतं. सगळं कसबाचं, दमाचं, काळजाचं. सहाव्या राउंडला मी उभा राहिलो तो खाली बसलोच नाही. शेवटी पंचांनी दोघींचेही हात वर केले. बरोबरीत सुटली.

मी उठून रिंगपाशी आलो. सात महिन्यांनी तुझ्यापुढं उभा. तोंडातनं शब्द काय निघाले? “निकाल लागला न्हाई की रं!” आमच्या मैदानात बरोबरी म्हणजे लोकांना फुकट गेल्यासारखं वाटतं.

तू पूनमच्या डोळ्यावर बर्फ धरून उभा होतास, आपल्या पोरीच्या नव्हे. वळून हसलास. “इलास, जोड बरोबर लागली की असंच व्हतंय.”

त्या दिवशी आपण पाचही जण, पूनम आणि तिची कोच धरून, सांगलीच्या बसस्टँडजवळ भडंग खात उभे होतो. पूनमला भडंग लय आवडलं, तू तिला चार पाकिटं बांधून दिलीस. मला तेव्हाच बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. तू म्हणालास, “मिरची लागली का?” मी म्हणालो, “व्हय.” झालं. तेवढ्यावर राहिलं. आणि गेल्या महिन्यात एका सकाळी, हॉलमध्ये, कुणाच्यातरी ग्लोव्हजची नाडी सोडता सोडता तू खाली बसलास, तो बसलासच.

काल जत्रा होती. मैदान होतं. पंच मीच. सकाळी शुभीला म्हणालो, “हॉलची किल्ली घे आन टेम्पो सांग.” लोखंडी काटा आखाड्याच्या कडेला आणून मांडला तर लोक हसायला लागले. एकजण ओरडला, “मास्तर, गूळ इकायला काढला काय?” मी म्हटलं, हसा.

नारळावरच्या पहिल्या जोडीला मी आधी नजरेनं पास केलं, मग दोघांना काट्यावर उभं केलं. नऊ किलोंचा फरक निघाला. माझ्या नजरेत! जिच्यावर मी तुझ्याशी जन्मभर भांडलो तीच ही नजर. लोकांचं हसणं जरा कमी झालं. ती जोड मी फोडली, दुसरी लावली.

मग माईक हातात घेतला. “मंडळी, ह्याच मैदानात माझी आन आपल्या मेजरची, बाजीरावची, नारळावरची कुस्ती झाली व्हती. ती गोष्ट तुमी माझ्या तोंडनं लय वेळा ऐकली. त्यातलं एक म्या कवाच सांगितलं न्हाई. मी आठ किलोनं जड व्हतो, आन ते मला सकाळपास्नं म्हाईत व्हतं. ह्याच काट्यावर बघितलं व्हतं. पंचांनी इचारलं तवा मी खोटं बोललो. जोड बरोबर न्हवती. आज मी ह्या मैदानाचा पंच हाय, आन पंच म्हणून सांगतो, ती कुस्ती माझी न्हवं. ती कुस्ती मी बरोबरीत सोडवली.”

हलगी थांबली होती. मग मागं कुठंतरी एक म्हातारा फेटा काढून उभा राहिला, त्याच्या शेजारचा उभा राहिला, आणि बघता बघता सगळं मैदान उभं होतं. बाज्या, तुझ्यासाठी. आपलं गाव उठायला अवघड, तुला माहीत आहे.

एक नारळ घेऊन मी तिथनंच तुझ्या घरी गेलो. सुमनवहिनी सोप्यात तुझ्या फोटोपाशी बसल्या होत्या. नारळ त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “वहिनी, ह्यो बाज्याचा हाय. माझ्याकडं चुकून ऱ्हायला व्हता.” आणि सगळं सांगितलं. गुऱ्हाळ, काटा, आठ किलो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “आवं भावजी, मला हे लगीन झालं त्याच साली ठावं हाय. त्यांनी सांगितलं व्हतं.”

“मग तुमी एवढी वर्सं...”

“मी म्हणायची की त्यास्नी, एकदा त्या मास्तरांचं तोंड बंद करा. ते म्हणायचे, ‘म्या सांगितलं तर इलास हारंल. त्यानं सोता सांगितलं तर जिंकंल. त्याला सांगू दे. कवातरी सांगंल तो.’”

मला पुढचं काही दिसेना. वहिनी उठल्या, उंबऱ्याबाहेर नारळ फोडला. एक वाटी तुझ्या फोटोपुढं ठेवली, एक माझ्या हातात दिली. घरी येताना वाटेत मी ती खाल्ली. लय गोड होती, गड्या.